नाम, सर्वनाम आणि वसई प्रांत : एका व्याख्येचा प्रवास

वसई तालुक्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील राजोडी गावात मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलास इंग्रजी व्याकरणाची ओळख बहुधा दोन नियमांनी होते : व्यक्ती, स्थळ अथवा वस्तू यांच्या नावास नाम म्हणावे, आणि नामाऐवजी येणाऱ्या शब्दास सर्वनाम म्हणावे. हे नियम त्यास परके वाटत नाहीत, कारण मराठीच्या पुस्तकातही त्याने जवळजवळ हेच वाचलेले असते. घडणीने इतक्या भिन्न झालेल्या दोन भाषांना एकच व्याख्या कशी लागू पडली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सापडते, आणि त्याचा एक धागा याच तालुक्यातील तर्खड गावाशी जोडलेला आहे.

दुसऱ्या बाजीराव पेशव्याने इंग्रजांशी वसईचा तह केला तो ३१ डिसेंबर १८०२ रोजी. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, इ. स. १८०५ मध्ये, विल्यम केरी याने श्रीरामपूर येथे वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण छापले. ते इंग्रजीत होते आणि मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजांसाठी होते. १८१८ मध्ये पेशवाई संपली, मुंबई इलाख्यात सरकारी आश्रयाने शाळा निघू लागल्या, आणि मराठी मुलांस त्यांचीच भाषा नियमबद्ध रीतीने शिकविण्याची गरज उत्पन्न झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, ते या गरजेतून. दादोबांचा जन्म मुंबईचा; परंतु घराण्याचे मूळ वसईजवळच्या तर्खड गावचे, आणि आडनावही त्यावरूनच आलेले. या ग्रंथामुळे पुढे त्यांस मराठीचे पाणिनी असे गौरवाने म्हटले गेले.

दादोबांपुढे इंग्रजी व्याकरणाचा जो नमुना होता, तो प्रामुख्याने लिंडले मरे याचा. मरेचे पुस्तक १७९५ चे, मूळचे शाळेतील मुलींसाठी लिहिलेले, आणि पुढे इंग्रजी शिक्षण जेथे जेथे गेले तेथे तेथे पोचलेले. मरेची शब्दांची वर्गवारी ग्रीक व लॅटिन वैयाकरणांकडून परंपरेने आलेली होती. त्या परंपरेत सर्वनामाचे नावच ‘नामाऐवजी येणारे’ अशा अर्थाचे आहे. भारतीय परंपरेची वाट निराळी होती. यास्काने पदांचे नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चारच वर्ग मानले. पाणिनीच्या व्याकरणात ‘सर्वनाम’ ही ‘सर्व’ या शब्दापासून सुरू होणाऱ्या एका गणाची संज्ञा आहे. तो गण ओळखावयाचा तो रूपांच्या विशिष्ट चालीवरून. आज ज्यांस आपण विशेषण म्हणू असे ‘सर्व’, ‘अन्य’ यांसारखे शब्दही त्यात येतात. अर्थात मराठी व्याकरणात जे घडले ते असे : संज्ञा पाणिनीची राहिली आणि व्याख्या मरेच्या परंपरेची आली. याचा अर्थ दादोबांनी डोळे मिटून अनुकरण केले असा नव्हे. मरेने इंग्रजी नामांच्या तीनच विभक्ती सांगितल्या होत्या. मराठी व्याकरणात मात्र संस्कृताच्या धर्तीची विभक्तिव्यवस्था कायम राहिली.

अशा रीतीने इंग्रजीचे नाम-सर्वनामविषयक नियम या प्रांतात दोनदा आले : एकदा मराठी व्याकरणाच्या पोटातून, आणि पुन्हा इंग्रजी विषय म्हणून. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० पासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासूनच शिकविले जाऊ लागले, त्यामुळे हे दोन प्रवाह मुलापुढे फार लवकर एकत्र येतात. व्याख्या एकच असल्याने व्यवहारही एकच असावा असे त्यास वाटते. आणि चूक होते ती नेमकी तेथेच.

लिंगाचे उदाहरण घ्यावे. मराठीत होडी स्त्रीलिंगी, जहाज नपुंसकलिंगी आणि किनारा पुल्लिंगी; सर्वनामही त्याप्रमाणे ती, ते, तो असे बदलते. इंग्रजीत या तिन्हींस ‘इट’ हे एकच सर्वनाम पुरते; जहाजास ‘शी’ म्हणण्याचा जुना प्रघात हा अपवाद. परंतु इंग्रजी प्रथमपासून अशी नव्हती. प्राचीन इंग्रजीत नामांस तीन लिंगे होती, आणि स्त्रीवाचक ‘वीफ’ हा शब्द नपुंसकलिंगी होता, जसा मराठीत ‘मूल’ आहे. नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत ही व्यवस्था झडून गेली. विभक्तीचेही तसेच. मराठी नाम प्रत्ययापूर्वी सामान्यरूप घेते, घोडा-घोड्यास. इंग्रजी नामात षष्ठीवाचून दुसरा विकार उरला नाही. जुन्या विभक्तीचे अवशेष राहिले ते ‘आय’-‘मी’, ‘ही’-‘हिम’ अशा सर्वनामांत.

याहून नाजूक प्रश्न आदराचा. ‘बाबा आले, ते दमले होते’ या वाक्यातील ‘ते’ वचनाने अनेक आणि अर्थाने एक आहे. राजोडीच्या मुलाने त्याचे भाषांतर ‘दे’ असे केले तर ते चूक ठरते. ‘ही’ असे केले तर ते शुद्ध ठरते, परंतु वडिलांस एकेरी संबोधल्याचा संकोच त्यास वाटल्यास नवल नाही. मरेच्या काळी द्वितीय पुरुषी एकवचनात ‘दाऊ’ हे रूप कोष्टकात होते, आणि तो स्वतः क्वेकर पंथाचा असल्याने त्या पंथाच्या नित्याच्या बोलण्यातीलही ते होते. म्हणून ‘तू’ व ‘तुम्ही’ यांस निदान कागदावर जोडी मिळत होती. आजच्या प्रमाण इंग्रजीत ‘यू’ एवढेच उरले आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद तर इंग्रजीस कधीच नव्हता. ऐकणाऱ्यास वगळून ‘आम्ही जातो’ आणि त्यास सामावून ‘आपण जाऊ’, या दोहोंस तेथे ‘वी’ हा एकच शब्द आहे. शिवाय ‘मी’, ‘तू’, ‘आपण’ हे शब्द कोणत्या नामाऐवजी येतात, हे व्याख्येस सांगता येत नाही. बोलणारा कोण व ऐकणारा कोण, यावरच त्यांचा अर्थ ठरतो.

मराठी वैयाकरणांनी हे ओझे मुकाट्याने वाहिले असे नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे व्याकरणावरील निबंध, मोरो केशव दामले यांचे १९११ चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आणि अरविंद मंगरूळकरांचा १९६४ चा ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ ही त्या चिकित्सेची ठळक स्थाने होत. शालेय व्याख्या मात्र बहुतांशी जागच्या जागीच राहिली.

वसईच्या किनाऱ्यावर प्रमाण मराठीखेरीज वाडवळी व सामवेदी, म्हणजेच कादोडी, या बोलीही नांदतात. तेथील अनेक मुलांच्या दृष्टीने शाळेतील मराठी हीच घरच्या बोलीहून एक पाऊल दूर असते, आणि इंग्रजी दुसरे पाऊल. अशा मुलाने ‘ते’चे ‘दे’ केले, तर त्यामागे नियमाचे अज्ञान नसून एका भाषेचा नियम दुसरीस प्रामाणिकपणे लावणे आहे. शिक्षकाने त्यास दोन भाषांतील व्याख्येचे साम्य सांगण्याबरोबर भेदही सांगितला, तर तीच चूक मराठीच्या स्वरूपाचा पहिला धडा ठरू शकेल.