पंच्याऐंशी टक्क्यांची गोष्ट

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला भाचेबुवांचा फोन. आवाज अगदी पडलेला. "मावशी, एचआर राउंडला उडालो." लेखी परीक्षा सुटली होती, टेक्निकल मुलाखतही बरी गेली होती, शेवटी "स्वतःबद्दल सांगा" या प्रश्नाला इंग्रजीत चार वाक्यं बोलून गाडी अडली ती अडलीच. दहावीपर्यंत मराठी माध्यम, तेही तालुक्याच्या गावी. मी आपलं नेहमीचं "अरे होतं असं, पुढची येईल" सुरू केलं. तर म्हणाला, "तसं नाही गं. आमच्या ट्रेनिंगच्या सरांनी स्लाइडच दाखवली होती. नोकरीतलं यश ८५ टक्के सॉफ्ट स्किल्सवर आणि १५ टक्के टेक्निकल नॉलेजवर. हार्वर्ड, स्टॅनफर्ड आणि कार्नेगी फाउंडेशनचं संशोधन आहे. म्हणजे चार वर्षं मी त्या १५ टक्क्यांसाठीच घासली ना?"

ही स्लाइड मीही पाहिली आहे. आमच्या ऑफिसातल्या एका ट्रेनिंगमध्ये, दुपारच्या जेवणानंतर, पेंगत पेंगत. तेव्हा इमानदारीत वहीत उतरवून घेतली होती. पण भाच्याचा तो आवाज ऐकल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला, की हे ८५ मोजले कोणी? आणि कसे? (घरच्यांना माहीत आहेच, एकदा किडा वळवळला की या घरात स्वयंपाक उशिरा होतो.)

तर मंडळी, ते 'संशोधन' आहे १९१८ सालचं! पहिलं महायुद्ध चालू होतं तेव्हाचं. अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संघटनांना वाटत होतं की इंजिनिअरिंगचं शिक्षण भरकटलंय, त्याचा एकदा नीट अभ्यास व्हावा. खर्च उचलला कार्नेगी फाउंडेशनने. काम आलं चार्ल्स रिबोर्ग मान या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाकडे. त्याने बरंच काही तपासलं, पण आपल्या गोष्टीपुरता त्यातला एकच भाग. त्याने हजारो अभियंत्यांना पत्रं पाठवून विचारलं, की तुमच्या मते चांगला अभियंता कशाने होतो? गुणांचे सहा गट दिले आणि क्रम लावायला सांगितला. सात हजारांवर उत्तरं आली. त्या काळी, टपालाने! आज ऑफिसच्या पिकनिकला कोण येणार हे विचारलं तर सात उत्तरं येत नाहीत.

शेवटी जे वजन निघालं ते असं: चारित्र्य २४, निर्णयबुद्धी साडेएकोणीस, कार्यक्षमता साडेसोळा, माणसांची पारख १५, ज्ञान १५ आणि तंत्र १०. बेरीज शंभर.

मी हे आकडे दोनदा लिहून काढले. ८५ कुठे आहेत? कुठेच नाहीत. शंभरातून ज्ञानाचे १५ वजा केले की ८५ उरतात हे खरं. पण मग त्या ८५ मध्ये व्यवसायातल्या तंत्राचे १० पण आले आणि निर्णयबुद्धीही आली, जिच्यात मानने शास्त्रीय दृष्टी धरली होती. कार्यक्षमतेत काय, तर कसून काम करणं, बिनचूकपणा, मेहनत. चारित्र्यात सचोटी, जबाबदारी, पुढाकार. यातलं काय त्या एचआरच्या बाईंना दहा मिनिटांत दिसलं असेल? आणि माणसांची पारख, जी आजच्या सॉफ्ट स्किल्सच्या सगळ्यात जवळची, तिला आणि ज्ञानाला अगदी सारखे गुण! पंधराला पंधरा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे यात कोणी काही मोजलंच नव्हतं. कोणाचा पगार पाहिला नव्हता, कोणाच्या बढतीचा हिशेब मांडला नव्हता. कामावर मुरलेल्या, इंजिनिअरिंगचं ज्ञान ज्यांच्याजवळ आधीच होतं अशा लोकांची ती मतं होती. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला जेवणात महत्त्वाचं काय विचारलं तर तो 'गप्पा' म्हणणारच की.

मग हे ८५:१५ लोकांच्या तोंडी बसलं कसं? त्यात मोठा वाटा आपल्या ओळखीच्याच एका गृहस्थाचा. डेल कार्नेगी. एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर मराठी अनुवादात भेटतात तेच. १९३६ साली आलेल्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच हे प्रमाण आहे. इंजिनिअरिंगमध्येसुद्धा आर्थिक यशाचा १५ टक्के भाग तांत्रिक ज्ञानाचा आणि ८५ टक्के माणसं हाताळण्याच्या कौशल्याचा, असं. आधार म्हणून कार्नेगी फाउंडेशनचं नाव. गंमत म्हणजे डेल कार्नेगींचं त्या पोलादवाल्या अँड्र्यू कार्नेगीशी काही नातं नाही. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंगही मूळचं वेगळं होतं, ते त्यांनी नंतर बदलून घेतलं. असो. पुस्तक खरंच चांगलं आहे, मी दोनदा वाचलंय. पण मतांचे 'टक्के' झाले, टक्क्यांचं 'यश' झालं, आणि पुढे कोणीतरी त्यात हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड शिंपडलं.

यात 'सॉफ्ट स्किल्स' हा शब्द अजून आलाच नाही, हे लक्षात आलं का? तो रुळवला अमेरिकन सैन्याने. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे प्रशिक्षणाची शिस्तशीर मांडणी चालली होती. रणगाडा कसा दुरुस्त करायचा, तोफ कशी भरायची, ही कामं पायरीपायरीने लिहून काढता येत होती. पण हाताखालची माणसं सांभाळणं, कचेरीचं काम बघणं, हे कसं लिहिणार? म्हणून यंत्राशी संबंध असलेली ती हार्ड आणि माणसं नि कागद यांच्याशी संबंध असलेली ती सॉफ्ट. १९७२ साली यावर खास परिषद भरली. तिथे पॉल व्हिटमोर नावाच्या संशोधकाने जो निष्कर्ष मांडला तो वाचून मी खुर्चीत सरळ बसले. त्याचा मथितार्थ असा, की ज्या कामांबद्दल आपल्याला बरंच कळतं त्यांना आपण हार्ड म्हणतो, आणि ज्यांबद्दल फारच थोडं कळतं त्यांना सॉफ्ट.

म्हणजे सॉफ्ट हा आपल्या अज्ञानाचा पत्ता होता! त्याची पुढे स्लाइड झाली, क्लास निघाले, फी ठरली.

आपल्याकडचंही एक आठवलं. २००५ साली मॅकिन्झीच्या एका अहवालाने गाजावाजा केला होता की भारतातले जेमतेम २५ टक्के इंजिनिअर बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कामाचे. तेव्हा पेपरांनी तो आकडा उचलून धरला होता. त्याचाही पाया मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती. पुन्हा मतंच.

याचा अर्थ माणसांशी वागायला येणं बिनमहत्त्वाचं, असं मी मुळीच म्हणत नाही. वीस वर्षं नोकरी करतेय, हुशार पण तुसडे लोक टीमची कशी वाट लावतात ते चांगलं पाहिलंय. पण आमच्या भाच्याला ते येत नाही, हे कोणी ठरवलं?

या मुलाने बारावीच्या सुट्टीपासून आजोबांचं दूध संकलन केंद्र सांभाळलंय. पहाटे पाचला कॅन घेऊन लोक रांगेत. फॅट कमी लागली की भांडण ठरलेलं, कारण दर फॅटवर. एकदा एक म्हातारे आजोबा कॅन आपटून "चोर आहात तुम्ही" म्हणाले होते. याने काय करावं? रांग थांबवली, त्यांच्याच हाताने कॅनमधला नमुना काढायला लावला, सगळ्यांदेखत दुसऱ्यांदा लावला. आकडा तोच आला. मग आजोबांना बाजूला नेऊन विचारलं, म्हशीला काय घालताय सध्या? दुसऱ्या दिवशी आजोबा पहिल्या नंबराला उभे.

मी फोन केला नि म्हटलं, "पुढच्या वेळी स्वतःबद्दल सांग म्हणाले की हे सांग."

बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाला, "मावशी, डेअरीचं? पण फॅट लागली नाही, हे इंग्रजीत कसं म्हणायचं?"

रविवारी येतोय तो. दोघं मिळून बसणार आहोत.