उलटा पंखा

घाट उतरल्याशिवाय आपल्याला समुद्र दिसत नाही. बिबवेवाडीच्या श्रोत्यांपुढे होडीच्या गिअरचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील तर ते रास्तच होय. आमचे उत्तर असे की, या विषयाचा अर्धा भाग आपण शेजारच्या मार्केटयार्डात रोज पाहतो. मालाचा ट्रक गाळ्याला लावायचा असतो. चालक चाकाशी बसलेला, त्याला मागचे दिसत नाही. क्लीनर खाली उतरतो, फळीवर थापा मारीत 'येऊ दे, येऊ दे' म्हणतो, आणि एक जोराची थाप पडली की ट्रक थांबतो. डोळे एकाचे, हातपाय दुसऱ्याचे. मात्र ट्रकला ब्रेक असतो. होडीला तो नाही. पाण्यावर वेगात चाललेले वाहन आवरायचे तर पंखा उलटा फिरवावा लागतो. रिव्हर्स हाच तिचा ब्रेक. हा ब्रेक शेकडो जहाजांवर ज्याच्या हाती होता, त्याला समोरचे पाणी दिसत नव्हते. इतिहासकारांनी सुकाण्याबद्दल पुष्कळ लिहिले. आम्हांला आज या खालच्या माणसाबद्दल बोलायचे आहे.

वल्ह्यांच्या काळी असा प्रश्नच नव्हता. आंग्र्यांच्या आरमारातील गलबते चाळीस-पन्नास वल्ह्यांची असत. वारा पडला की ती मोठ्या गुराबांना दोर लावून ओढीत आणि शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीस, जेथे त्याच्या तोफा कमी तेथे, नेऊन उभी करीत. पुढे जा, थांबा, उलटे मारा, असा तांडेलचा आवाज वल्हेकऱ्याच्या कानावर थेट पडे. हुकूम देणारा आणि राबणारा एकाच आभाळाखाली होते.

वाफ आली आणि ही दोन माणसे वेगळी झाली. एक वर पुलावर, दुसरा जहाजाच्या पोटात. वाफेच्या इंजिनाचा एक मोठा गुण असा की ते स्वतःच उलटे फिरू शकते. इंग्लंडात रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात 1842 साली आगगाडीच्या इंजिनासाठी एक जोड बसविण्यात आली. दांडा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला केला की वाफ सिलिंडरात शिरण्याची वेळ बदलते आणि चाके उलटी फिरू लागतात. तिला मालकाचे नाव मिळाले. ती ज्यांच्या हातून तयार झाली ते विल्यम विल्यम्स आणि विल्यम होव हे त्याच कारखान्यातील नोकर होते. हीच युक्ती पुढे जहाजांवर गेली. वरून हुकूम पोचविण्यास घंटा आली, मग साखळीने जोडलेल्या तबकड्या आल्या. वर काटा 'उलट' या खुणेवर नेला की खालच्या तबकडीचा काटाही तेथे जाई.

आता खाली कोण होते ते पाहा. मुंबईहून सुटणाऱ्या इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर सारंग, तांडेल, तेलवाले, आगवाले, कोळसेवाले सारे आपल्या देशाचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराचा तिसरा, कधी पाचवा हिस्सा असे. बोटीचा ब्रेक त्यांच्या घामावर चाले, कारण विस्तव मंदावला तर उलटे फिरण्यासही वाफ नाही.

मुंबई-कोकण किनाऱ्यावर पुष्कळ ठिकाणी या ब्रेकची फारशी परीक्षा होत नसे, कारण धक्काच नव्हता. हर्णैसारख्या बंदरी आगबोट दूर पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, कोंबड्या पडावांत उतरत. तेथील कसब पडाववाल्यांचे.

वर आणि खाली यांच्यात मतभेद झाला तर खरे कोणाचे, याचे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण टायटॅनिकचे आहे. 14 एप्रिल 1912 च्या रात्री हिमनग दिसल्यावर इंजिनाला कोणता हुकूम गेला? चौथा अधिकारी बॉक्सहॉल याने चौकशीत सांगितले की 'पूर्ण उलट'. सहाव्या बॉयलरखोलीतील मुख्य आगवाला फ्रेडरिक बॅरेट याने सांगितले की आमच्याकडे लाल दिवा लागला, म्हणजे 'थांबा'. चित्रपटाने अधिकाऱ्याची साक्ष उचलली. त्यातही गंमत अशी की, त्या जहाजाचे कडेचे दोन पंखे उलटे फिरत, पण सुकाण्याच्या ऐन पुढचा मधला पंखा टर्बाइनवर होता आणि त्या टर्बाइनला उलटे फिरणे ठाऊकच नव्हते. आम्ही कोणाची बाजू सिद्ध करू शकत नाही. एवढेच म्हणतो की आगवाल्याची साक्षही शपथेवरच झाली होती.

डिझेल इंजिनाने वेगळाच पेच आणला. ते काटकसरी, पण सुरुवातीला एकाच दिशेने फिरणारे. 1903 साली व्होल्गा नदीवर नोबेल बंधूंची 'वांदाल' ही तेलवाहू बोट आली. तिच्या डिझेल इंजिनांनी आधी वीज करायची आणि विजेने पंखे सुलट-उलट फिरवायचे, असा द्राविडी प्राणायाम केला होता. 1912 सालची डेन्मार्कची 'सेलांडिया' ही मोठी समुद्रगामी बोट. तिची इंजिने स्वतः उलटत. यासाठी मोठे इंजिन बंद करतात, आतील कळ सरकवितात आणि दाबलेल्या हवेने ते उलट दिशेस पुन्हा सुरू करतात. म्हणून बंदरात शिरताना टाक्यांत हवा किती उरली यावर खालच्या माणसाची नजर असते. हवा संपली की हुकूम देऊन उपयोग नाही.

लहान होडीला ही चैन परवडणारी नव्हती. तिच्यासाठी गिअरची पेटी आली. इंजिन एकाच दिशेने फिरत राहते. पेटीत सुलट चाकांची जोडी, आणि उलट फिरविण्यासाठी मध्ये आणखी एक दातेरी चाक. शिवाय इंजिनाचे दोन-तीन फेरे झाले की पंख्याचा एक व्हावा, अशी गती पेटीतच उतरविलेली असते. येथे पुण्याचा संबंध येतो. खडकीला 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली, चिंचवडला रस्टनची इंजिने होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर कोळी बांधवांनी होड्यांत इंजिने बसविली, तेव्हा डोंगराआड राहणाऱ्या आपल्या कामगारांचे हात समुद्रापर्यंत पोचले.

पेटीचा एक नियम प्रत्येक इंजिनवाला पहिल्या आठवड्यात शिकतो. सुलटवरून थेट उलटवर जायचे नाही. आधी इंजिनाची गती उतरवायची, दांडा मधल्या घरात आणायचा, क्षणभर थांबायचे, मग उलट. घाई केली तर दाते आणि चकत्या जातात. पण धक्का अंगावर येत असताना तो क्षणभर फार लांबतो.

आणि उलटा फिरणारा पंखा सरळ मागे ओढतो असेही नाही. मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा पंखा उलटा केला की होडीची शेपटी डावीकडे सरकते. पंख्याचे पाणी सुकाण्यावर पडत नसल्याने सुकाणूही तेव्हा जवळजवळ मुके होते. जाणता तांडेल या खोडीचाच उपयोग करतो. धक्का डाव्या हाताला ठेवून तो तिरपा येतो, नाळ धक्क्याजवळ आली की रिव्हर्स, आणि शेपटी आपोआप धक्क्याला चिकटते. उजव्या बाजूला लावायचे झाल्यास हीच खोड वैरीण ठरते.

गेटवेहून सुटणाऱ्या लाकडी लाँचींवर आम्ही पाहिले ते असे. सारंग वर चाकाशी. त्याच्या हाताजवळ एक दोरी, एस.टी.च्या कंडक्टरच्या दोरीसारखी. खाली इंजिनापाशी घंटा. ठरलेले टोल पडले की खालचा माणूस गिअर टाकतो. त्याच्याभोवती फळ्या, धूर आणि कान बधिर करणारा आवाज. त्यातून टोल अचूक मोजायचे. एक टोल चुकला तर माणसाचा पाय धक्का आणि होडी यांच्यामध्ये. उतारू 'सारंगाने काय झकास लावली' म्हणत पायऱ्या चढतात.

आता बहुतेक नव्या होड्यांत गिअर आणि गती यांचा एकच दांडा चाकाजवळ असतो. आमच्या संघटनेच्या वृत्तीला यात एक जागा गेलेली दिसते, हे खरे. तरीही धुरात कोंडलेल्या माणसाची ती जागा टिकावी असे आम्ही म्हणणार नाही. मात्र दांडा वर आल्याने धोका संपला, ही समजूतही चूक. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात नौदलाची वेगवान नौका 'नीलकमल' या उतारूंच्या लाँचीवर आदळली आणि पंधरा माणसे गेली. इंजिनाची चाचणी चालू असताना बिघाड होऊन ताबा सुटला, असे नौदलाने सांगितले. भरगर्दीच्या पाण्यात इंजिनाची चाचणी का घ्यावी, हा प्रश्न चाक धरणाऱ्याला विचारण्याचा नाही, तो चाचणीची जागा ठरविणाऱ्यांना विचारण्याचा आहे.

आतील जलमार्गांवरील वाफेच्या बोटींसाठी सरकारने 1917 साली केलेल्या कायद्यात 'सारंग' हा आपला शब्द जसाच्या तसा घेतलेला होता, आणि त्याच्या शेजारी इंजिन-ड्रायव्हर वेगळा लिहिला होता. दोघांची परीक्षा निराळी, दाखला निराळा. त्या कायद्याच्या जागी 2021 साली नवा आला. जुन्या कायद्याची प्रत कोणाला मिळाली तर दाखल्यांचे प्रकरण अवश्य पाहावे. आमच्या माहितीत खालच्या माणसाचे नाव वरच्याच्या बरोबरीने लिहिलेली ठिकाणे फार थोडी आहेत.