बाळगुटी, नाचणी आणि मुलांची प्रतिकारशक्ती

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या, की पंधरवड्याच्या आत बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत गर्दी उसळते. नाक गळणारी, खोकणारी मुले आणि त्यांच्याहून अधिक कंटाळलेले पालक. ‘याची प्रतिकारशक्तीच कमी आहे, काहीतरी टॉनिक द्या,’ ही मागणी ठरलेली. वस्तुतः बालवाडीत जाऊ लागलेल्या निरोगी मुलालाही वर्षाकाठी ६ ते ८ वेळा सर्दी होऊ शकते. नवनव्या विषाणूंची ओळख करून घेण्याची शरीराची ती रीतच आहे. मूल मधल्या काळात खेळते-बागडते असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर केवळ वारंवार सर्दी होते म्हणून त्याची प्रतिकारशक्ती दुबळी ठरत नाही.

आपल्याकडे या चिंतेवरचा पहिला उपाय म्हणजे बाळगुटी. वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, हळकुंड, सुंठ, जायफळ, ज्येष्ठमध, अतिविष, बदाम, खारीक अशी द्रव्ये सहाणेवर आईच्या दुधात उगाळून, प्रत्येकाचे वेढे मोजून बाळाला चाटवायची, ही पद्धत अनेक मराठी घरांत आजही पाळली जाते. त्यामागील माया खरी आहे. मात्र वेढ्यांचे माप हातागणिक बदलते, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत हा फरक लहान नसतो. जायफळ अधिक उगाळले गेले तर बाळ गुंगते, आणि ‘गुटीने शांत झोपले’ म्हणून घरात समाधान मानले जाते. वेखंड जास्त झाल्यास उलट्या होतात. पहिले ६ महिने केवळ आईचे दूध द्यावे, वरून पाणीसुद्धा नको, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बाळंतपणानंतर पहिल्या दिवसांत येणारा पिवळसर, घट्ट चीक प्रतिपिंडांनी समृद्ध असतो. तो टाकून देऊन बाळाला गुटी चाटवणे म्हणजे हाती आलेले औषध सांडून दुसरे शोधत बसणे होय.

यातील सर्वांत मोठा धोका मधाचा. गुटीत, जन्मतः चाटवण्याच्या बोटावर आणि अलीकडे शहरांत पुष्य नक्षत्राच्या मुहूर्तावर दिल्या जाणाऱ्या सुवर्णप्राशनात मध असतो. सुवर्णप्राशनाचा उल्लेख काश्यपसंहितेत आहे, हे खरे. परंतु बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू मधात असू शकतात आणि एक वर्षाखालील बाळाच्या अपरिपक्व आतड्यात ते रुजून विष तयार करतात. बाळ मलूल पडते, त्याला दूध ओढता येत नाही, श्वासाचे स्नायूही निकामी होऊ शकतात. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचा थेंबही देऊ नये. त्यानंतर मात्र रात्रीच्या खोकल्यावर चमचाभर मध हा खरोखरच उपयोगी घरगुती उपाय आहे. हळदीच्या दुधाने घशाला आराम पडतो, एवढेच त्याच्याकडून अपेक्षावे. २०२० साली करोनाच्या साथीत घराघरांत तुळस, सुंठ, मिरी, दालचिनीचा काढा उकळू लागला आणि तो मोठ्यांच्या मापाने मुलांनाही पाजला गेला. अशा तिखट काढ्याने लहान पोटात जळजळच अधिक होते.

प्रतिकारशक्तीचा खरा प्रश्न ताटात आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या शंभरांतील सुमारे ६९ मुलांना रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, असल्याचे आढळले. आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ५४ च्या आसपास होते. रक्तक्षयाचे एक मोठे कारण असलेली लोहाची कमतरता जंतूंशी लढणाऱ्या पेशींनाही दुबळे करते. हा प्रश्न केवळ गरीब वस्त्यांचा आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. सुखवस्तू घरांतील एक ठळक दोष म्हणजे दुधाचा अतिरेक. जेवत नाही म्हणून दूध द्यायचे आणि दुधाने पोट भरले म्हणून मूल जेवत नाही, असे हे चक्र असते. दुधात लोह नाममात्र असते, शिवाय ते अन्नातील लोहाच्या शोषणातही अडथळा आणते. वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटरपेक्षा अधिक दूध नको. मुलांना चहा तर देऊच नये.

सहा महिने पूर्ण झाल्यावर स्तनपानाच्या जोडीला घट्टसर पेज, मऊ मुगाचे वरण आणि नाचणीचे सत्त्व सुरू करावे. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळण्याची आजीची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. मोड आल्याने लोहाला बांधून ठेवणारे घटक कमी होतात. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. अर्थात एवढी नाचणी एका बैठकीत कोणतेच मूल खात नाही. वरणभातावर लिंबू पिळण्याची आपली सवय केवळ चवीची नव्हे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतील आणि पालेभाजीतील लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. पेरू आणि आवळाही हेच काम करतात, आणि दोन्हींत हे जीवनसत्त्व लिंबापेक्षा कितीतरी अधिक असते. चालत असेल त्या घरी अंडे, मासे; नसेल तिथे उसळी, राजगिरा, थंडीत अळिवाचे लाडू. डब्यातील बिस्किटे आणि नूडल्स यांतले काहीच देत नाहीत.

काही गोष्टी मात्र ताटातूनही मिळत नाहीत. गोवराचे विषाणू शरीराने पूर्वी मिळवलेली इतर रोगांविरुद्धची स्मृतीही पुसून टाकतात, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले, आणि २०२२ मध्ये मुंबईत गोवराची साथ आली होती. गोवर-रुबेलाची लस ९ महिन्यांनंतर आणि दुसऱ्यांदा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. अ जीवनसत्त्वाचे डोस ९ महिन्यांपासून पाचव्या वर्षापर्यंत सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात.

घरगुती उपायांवर थांबू नये अशी लक्षणे पालकांनी ध्यानात ठेवावीत. दोन महिन्यांखालील बाळाचा कोणताही ताप, दूध पिण्यास नकार, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, वजन खुंटणे, ही ती लक्षणे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. २ महिन्यांपासून वर्षापर्यंत मिनिटाला ५० वा त्याहून अधिक, आणि १ ते ५ वर्षांत ४० वा त्याहून अधिक श्वास असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गुटी वा काढा दिला असेल, तर त्यात काय काय होते, हे तिथे न संकोचता सांगावे.