जाळ्यातील कंप

फेब्रुवारी १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’, म्हणजे प्रतिसाद देणारी दृष्टी, या नावाचे प्रदर्शन भरले. त्यातील कित्येक चित्रांत रेषा आणि चौकोन यांखेरीज काहीही नव्हते. तरीही स्थिर पृष्ठभाग पाहणाऱ्यास लाटांसारखा हेलावताना दिसे. हंगेरीत जन्मलेले व्हिक्टर वासारेली (१९०६-१९९७) आणि इंग्लंडच्या ब्रिजेट रायली (जन्म १९३१) हे या ‘ऑप्टिकल आर्ट’चे अध्वर्यू होत. रायली यांच्या १९६१ सालच्या ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ या चित्रात काळे-पांढरे चौकोन अरुंद होत जातात आणि सपाट फलक जणू एका घडीत खचतो.

काही टीकाकारांनी हिला नजरबंदीचा खेळ म्हटले. मला तसे वाटत नाही. लगतच्या काळ्या-पांढऱ्या कडांवर नजरेला विसावा मिळत नाही आणि चित्र हलल्याचा भास होतो. ही हालचाल कापडावर नसते. ती पाहणाऱ्यात घडते. पाहणारा समोर उभा राहीपर्यंत हे चित्र अपुरेच असते. दृष्टीला इतका मान देणाऱ्या कलेस क्षुद्र कसे म्हणावे?

ही कला ज्यांना परकी वाटते, त्यांनी आपल्याच पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्याकडे वळावे. गंजाड येथील जिव्या सोमा म्हशे (निधन २०१८) हे वारली चित्रकार. लग्नाचा चौक लिहिणे हे परंपरेने सुवासिनींचे काम. म्हशे यांनी ती रेषा विधीबाहेर आणली आणि भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ती १९७० च्या दशकात मुंबईच्या कलादालनांत पोहोचली. त्यांच्या मासेमारीच्या चित्रांत जाळे अवघा पट व्यापते. शेणाने सारवलेल्या कापडावर शुभ्र, केसासारख्या बारीक रेषांची दाट वीण असते. क्षणभर पाहावे तो ती वीण पाण्यासारखी थरथरू लागते. म्हशे यांनी ऑप्टिकल आर्टचे अनुकरण केले, असे मला म्हणायचे नाही. भूमितीच्या वाटेने जे वासारेलींना गवसले, त्याच्या अगदी जवळ म्हशे जाळ्याच्या वाटेने पोहोचले. अंतर आहे ते हाताचे. वासारेलींची कडा यंत्रासारखी निर्दोष. म्हशे यांच्या रेषेत मानवी हाताचा कंप आहे आणि तोच जाळ्याला जिवंत करतो. १९८९ साली पॅरिसने आणि २००३ साली ड्युसेलडॉर्फने त्यांची चित्रे मांडली. २०११ साली त्यांना पद्मश्री लाभली.

परंतु दोन्ही कलांवर एकच संकट आले. १९६५ सालीच न्यूयॉर्कच्या दुकानांत रायली यांच्या चित्रांचे नमुने वापरून कपडे विकले गेले. त्यांना त्याचा संताप आला. आज वारली आकृत्या पिशव्यांवर आणि उपाहारगृहांच्या भिंतींवर छापल्या जातात. नक्षी झालेल्या चित्राकडे कोणी थांबून पाहत नाही. आणि जे पाहण्यातच पूर्ण होते, ते न पाहिल्याने मरते.

एडवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना जाळे नवे नाही आणि शुभवर्तमान वाचणाऱ्यांनाही नाही. रात्रभर रिकामे राहिलेले पेत्राचे जाळे प्रभूच्या शब्दावरून पुन्हा पाण्यात पडले, तेव्हा भरून आले. सरोवर तेच, जाळेही तेच होते. चित्रासमोरही पहिल्या नजरेला काही गवसले नाही, तर दुसऱ्यांदा नजर टाकण्याइतका धीर आपण धरावा.