नागमोडी पट्टा

घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माणसाकडे आपण चालत्या गाडीतून जरा दयेनेच पाहतो. काही वर्षांपूर्वी बोरघाटात मी स्वतः तसा उभा होतो. खोपोली मागे पडली, चढ सुरू झाला आणि समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. दिवसाची वेळ होती. बॅटरीचे काय ते लोणावळ्याला पाहू, असे मी म्हटले. पुढच्याच वळणावर स्टीअरिंग जड झाले. मग एसीतून गरम हवा येऊ लागली. एवढे होऊनही मी गाडी रेटली आणि तापमानाचा काटा तांबड्या पट्टीत जाऊन टेकला, तेव्हा कुठे थांबलो. बॉनेटखाली काळ्या रबरी पट्ट्याच्या चिंध्या लोंबत होत्या.

गाडी टोचन करून खोपोलीत आणली. इंजिनाचे हेड तापून वाकले होते. पट्ट्याची किंमत शेकड्यांतली, हेडचे काम मात्र हजारांतले. घरच्यांनी विचारले, "एक पट्टा तुटला, तर चार गोष्टी एकदम कशा गेल्या?" प्रश्न रास्त होता. आणि त्याचे उत्तर गाडीच्या कितीतरी आधीच्या इतिहासात आहे.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. त्यांच्या बोलण्यात पट्टा हा शब्द रोज यायचा. जुन्या गिरणीत शक्तीचा उगम एकच, वाफेचे इंजिन. त्याच्यावरून दोरांनी किंवा पट्ट्यांनी फिरणारे लांबच लांब लोखंडी दांडे छताखालून गेलेले असत. दांड्यावर पुल्या, आणि प्रत्येक पुलीवरून खाली साच्याकडे येणारा चामड्याचा पट्टा. एका साच्याचा पट्टा तुटला तर तो साचा थांबे. पण मुख्य दांडा थांबला तर सगळे खातेच थांबे. हे पट्टे उघडे असत. त्यात धोतराचा सोगा किंवा सदऱ्याची बाही अडकली की माणूस आत ओढला जाई. १८८१ साली हिंदुस्थानात कारखान्यांचा पहिला कायदा झाला. मुलांच्या कामाच्या तासांबरोबरच धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याचे कलम त्यात होते, ते उगाच नव्हे.

१९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या वीजकेंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे हळूहळू प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार मिळाली आणि छताखालचे दांडे उतरले. वडील म्हणत, "आता ज्याचं दुखणं त्याच्यापुरतं." मोटारगाडीचा प्रवास मात्र नेमका उलट्या दिशेने झाला.

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत इंजिनाच्या पुढच्या बाजूला चामड्याचा एक सपाट पट्टा होता. रेडिएटरमागचा पंखा फिरवणे एवढेच त्याचे काम. 'फॅन बेल्ट' हे नाव तिथलेच. आज पट्ट्याला पंखा जोडलेला नसला तरी आपण दुकानात फॅन बेल्टच मागतो. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला. आता गाडीत बॅटरी आणि ती भरायला डायनामो लागणार. म्हणजे फिरवायला आणखी एक वस्तू आली.

सपाट पट्टा केवळ ताणाच्या जोरावर पुलीला धरून असतो. तेल लागले की घसरतो. यावर १९१७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या गेट्स कंपनीतल्या जॉन गेट्स यांनी रबर आणि सुताचा 'व्ही' आकाराचा पट्टा काढला. हा पट्टा पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो. त्याला जितके ओढावे तितका तो खाचेच्या दोन्ही भिंतींवर घट्ट होतो. पुढची साठ वर्षे गाड्यांवर याच पट्ट्याचे राज्य होते. कुर्ल्याला बनणाऱ्या आपल्या प्रीमिअर पद्मिनीतही पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो असाच एक पट्टा सांभाळायचा. डिकीत एक जादा पट्टा ठेवणे, अंगठ्याने दाबून त्याचा ताण पाहणे, सैल वाटला तर डायनामो जरा बाहेर ओढून बोल्ट आवळणे, हे तेव्हा कोणत्याही टॅक्सीवाल्याला येत असे.

अमेरिकेत मात्र गाडीच्या मागण्या वाढत होत्या. १९५१ मध्ये क्रायस्लरने पॉवर स्टीअरिंग आणले. मग एसीचा कॉम्प्रेसर आला, डायनामोऐवजी आल्टरनेटर आला, धुरावरच्या निर्बंधांमुळे हवेचा पंप आला. प्रत्येक नव्या पाहुण्याबरोबर एकेक व्ही-पट्टा वाढला. एकापुढे एक तीन-तीन, चार-चार पट्टे. सगळ्यांत आतला बदलायचा तर बाहेरचे सगळे काढावे लागत, आणि नंतर प्रत्येकाचा ताण वेगळा लावावा लागे. शिवाय इंजिनाची लांबी वाढे. १९७३ च्या तेलसंकटानंतर गाड्या आखूड आणि हलक्या करण्याची निकड आली, तेव्हा इंजिनापुढची ही गर्दी परवडेना.

गेट्स कंपनीतलेच एक अभियंता जिम व्हान्स यांनी १९७४ मध्ये सुचवले की एकच रुंद, पातळ पट्टा सगळ्या पुल्यांवरून नागमोडी फिरवावा. ही कल्पना मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आली ती १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये. या पट्ट्याची युक्ती त्याच्या अंगातच आहे. त्याच्या आतल्या बाजूला एका मोठ्या 'व्ही'ऐवजी लहान लहान व्ही-धारा ओळीने असतात, म्हणून पकड पाचरीची मिळते. पण पट्टा पातळ असल्याने तो लहान पुलीवरूनही सहज वळतो आणि उलटाही वाकतो. त्यामुळे त्याच्या सपाट पाठीनेही एखादी पुली फिरवता येते. पट्ट्यावर '६पीके१२००' असे काही छापलेले दिसेल. सहा धारा आणि बाराशे मिलिमीटर लांबी, एवढाच त्याचा अर्थ. ताण धरायला स्प्रिंगवर बसवलेली एक पुली असते, तिला टेन्शनर म्हणतात. अंगठ्याने ताण पाहण्याचे काम तिने आपल्याकडून काढून घेतले.

सोय मोठी झाली. पण गिरणीचा तो छताखालचा दांडा गाडीत परत आला. हा एक पट्टा गेला की आल्टरनेटर थांबतो, म्हणून बॅटरीचा दिवा लागतो. स्टीअरिंगचा पंप थांबतो, कॉम्प्रेसर थांबतो. आणि पाण्याचा पंप याच पट्ट्यावर असेल तर इंजिन काही मिनिटांत तापते. काही गाड्यांत हा पंप टायमिंगच्या पट्ट्यावर असतो, तेव्हा थोडी सवलत मिळते. आपल्या गाडीत काय आहे ते आधीच विचारून ठेवावे. लाल दिव्यापाठोपाठ काटा चढू लागला तर लोणावळ्याची वाट न पाहता तिथेच थांबावे, हे मी हजारो रुपये मोजून शिकलो.

दुसरी चूक माझ्या समजुतीची होती. महिन्याभरापूर्वीच एका गॅरेजात पट्टा पाहून "एकही भेग नाही, चालेल" असे मला सांगितले होते, आणि मलाही ते पटले होते. जुने पट्टे निओप्रीन रबराचे असत. ते म्हातारे झाले की त्यांना आडव्या भेगा पडत. भेगा मोजून वय कळे. गेल्या काही दशकांत ईपीडीएम नावाचे रबर आले. ते खूप टिकते आणि सहसा भेगाळत नाही. टायरसारखे झिजत जाते. धारांमधल्या खाचा रुंद होतात, पट्टा पुलीत खोल बसतो, पाचर सुटते आणि पट्टा घसरू लागतो. म्हणून आता भेग नव्हे, खाचेची झीज पाहावी लागते. त्यासाठी प्लॅस्टिकची लहानशी मापपट्टी मिळते.

खोपोलीच्या तरुण मिस्त्रीने माझ्यासमोर नवा पट्टा बसवला. इंजिन थंड आणि बंद, किल्ली खिशात. बॉनेटखाली पट्ट्याच्या वाटेचे चित्र चिकटवलेले असते; माझ्या गाडीतले ते कधीच निघून गेले होते, म्हणून त्याने माहितीपुस्तिकेतून वाट पाहून घेतली. मग एकेक पुली हाताने फिरवून पाहिली. टेन्शनरची पुली खरखरली. "काका, एकट्या पट्ट्याचा दोष नाही. या पुलीचं बेअरिंग गेलंय. नुसता पट्टा टाकला असता तर परत आला असतात," तो म्हणाला. नवा टेन्शनर बसवला, पान्याने तो मागे दाबून धरला, पट्टा सगळीकडून फिरवला आणि शेवटच्या पुलीवर सरकवला. मग प्रत्येक पुलीवर बोट फिरवून सगळ्या धारा आपापल्या खाचेत आहेत ना ते पाहिले. एक धार जरी बाहेर राहिली तरी नवा पट्टा लवकरच फाटतो. इंजिन सुरू करण्याआधी त्याने सदऱ्याची बाही वर दुमडली. मला वडिलांची आठवण झाली. साच्याजवळ जाताना तेही असेच करत.

आता गाडीही गिरणीच्या वाटेने निघाली आहे. २००९ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसच्या इंजिनावर असा एकही पट्टा नव्हता. पाण्याचा पंप, कॉम्प्रेसर, स्टीअरिंग, प्रत्येकाला स्वतःची विजेची मोटार. अनेक लहान गाड्यांत स्टीअरिंग आता विजेवर चालते, आणि पूर्ण विजेच्या गाडीत तर ज्याचे दुखणे त्याच्यापुरतेच. पण आज रस्त्यावर धावणाऱ्या असंख्य गाड्या अजून त्या एकाच पट्ट्याच्या भरवशावर आहेत. माझीही आहे. पट्ट्याच्या वाटेचे चित्र मी कागदावर काढून गाडीच्या कप्प्यात ठेवले आहे आणि खाली पट्टा बदलल्याची तारीख व किलोमीटर लिहिले आहेत. घाट चढण्याआधी एकदा बॉनेट उघडून पाहायला फार तर दोन मिनिटे लागतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)