पुतळी, गिनी आणि प्लॅस्टिकमधलं सोनं

दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या कारकुनानं घरी येऊन पुन्हा नाणी मोजत बसावं, याला आमच्या घरात छंद म्हणत नाहीत, खोड म्हणतात. माझा संग्रह एका बिस्किटांच्या डब्यात मावतो. चार शिवराया, थोडे ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, जॉर्जचा एक रुपया आणि आजीची सोन्याची एक पुतळी. साताऱ्याजवळच्या कोरेगावात एवढ्यावर माणूस संग्राहक म्हणून खपतो.

या डब्यात एका धनत्रयोदशीला नवा पाहुणा आला. त्या काळी आमची बँक सोन्याची नाणी विकत असे. वरून टार्गेट आलं, गिऱ्हाइकं आली नाहीत, तेव्हा साहेबांची नजर माझ्यावर स्थिरावली. पाच ग्रॅम, चोवीस कॅरट, ९९९ टंच, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद. गंमत म्हणजे बँक नाणं विकत असे, परत घेत नसे. मी ते डब्यात ठेवलं आणि मोठ्या उत्साहानं गल्लीतल्या गुरुजींना दाखवलं. त्यांचा नाण्यांचा अभ्यास दांडगा.

त्यांनी चष्मा वर केला. "याच्यावर किंमत कुठाय? राजा कुठाय? यानं कधी कुणी मेथीची जुडी घेतली का? हे नाणं नव्हे, गोल वडी आहे. काढ डब्यातनं!"

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. विनिमयाचं साधन ते चलन, ही व्याख्या पाठ करून पास झालेला. त्यामुळे गप्प बसलो. पण रात्री पुतळी हातात घेतली आणि शंका आली.

ही पुतळी मूळची व्हेनिसची. तिथं १२८४ साली डुकाट नावाचं सोन्याचं नाणं पडू लागलं. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शंभर नंबरी. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला येशू. १७९७ साली ते राज्य बुडेपर्यंत हा ठसा फारसा बदलला नाही. मिरी आणि कापडाच्या बदल्यात ही नाणी आपल्याकडे आली. त्यावरच्या उभ्या आकृत्या पाहून आपण त्यांना पुतळ्या म्हटलं, कडी लावून माळेत ओवलं. संत मार्क कोण, हे आमच्या आजीला ठाऊक नव्हतं. ती त्याला हळदकुंकू लावी. म्हणजे पुतळीसुद्धा आपल्याकडे आली ती राजासाठी नव्हे, टंचासाठीच! आणि तिला गुरुजी डब्यातनं काढ म्हणत नाहीत. १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत पडलेली गिनीही त्यांना चालते. मग १९६७ चं दक्षिण आफ्रिकेचं क्रूगररँड किंवा २०१५ साली निघालेलं अशोकचक्राचं भारतीय सुवर्ण नाणं यांनीच काय घोडं मारलंय?

वाद मिटवायला विट्याचे मामा मिळाले. त्या भागातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी हिंदुस्थानभर पांगलेली. मामांचीही तीस वर्षं मुशीपुढे गेली.

"हे बघ बाळ," मामा म्हणाले, "आमच्या मुशीत राजा आणि संत सारखेच वितळतात. सोनं जितकं चोख, तितकं नाण्याचं आयुष्य कमी."

हे मात्र डोक्यात प्रकाश पाडणारं होतं. १६७४ च्या राज्याभिषेकाचा महाराजांचा सोन्याचा होन, जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा, आज हाताच्या बोटांवर मोजावा इतका दुर्मीळ. आणि त्यावरचीच अक्षरं मिरवणारी तांब्याची शिवराई माझ्यासारख्या कारकुनाच्याही डब्यात चार-चार! तांबं आटवून कुणाचं काय भलं होणार? होन मात्र दरेक अडीनडीला मुशीत गेला असणार. संग्रह म्हणजे मुशीतनं वाचलेलं सोनं.

आमच्या पुतळीचंही तेच. आत्याच्या लग्नात माळ मोडली, तेव्हा आजीनं एकच पुतळी मुठीत धरून ठेवली. ती नाणं आहे की वडी, हे तिनं कुणाला विचारलं नाही.

यंदा मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची वेळ आली. सोन्याचा भाव आभाळाला टेकलेला. बायकोनं डबा पुढं ठेवला आणि एवढंच म्हणाली, "अहो, जे विकता येईल ते काढा."

सराफाकडे गेलो. त्यानं कात्रीनं प्लॅस्टिक कापलं, नाणं काट्यावर टाकलं, कसोटीला लावलं. मग सवयीनं पुतळीकडेही हात नेला.

"ती नको," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो असणार, कारण दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून पाहू लागली.

फी भरली गेली. संध्याकाळी गुरुजींना सगळं सांगितलं. बँकेच्या नाण्याशी माझं भांडण नव्हतं. तेही माझ्या नातवंडांपर्यंत न विकता पोचलं असतं, तर त्यांच्या डब्यात मानानं बसलं असतं. त्याला तेवढी सवड मी दिली नाही.

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग डब्यातलं ते कापलेलं रिकामं प्लॅस्टिक उचलून, त्यावरचा ९९९ चा आकडा वाचून म्हणाले, "हे ठेव. याच्यावर तारीख आणि फीची रक्कम लिहून ठेव."

माझ्या संग्रहातल्या त्या वस्तूला गुरुजींनी आजवर हरकत घेतलेली नाही.