बादलीभर पाणी

मावला गावाजवळ हायवेच्या कडेला उभे आहात ना? नागपूरकडून ट्रक येतायत, नाकात डिझेल जातंय, आणि डोक्यात तेच चक्र फिरतंय. मंडळी, म्हणजे तुमचं चर्च, सोडून बरेच दिवस झाले. रविवार उजाडला की अजूनही पोटात गोळा येतो. पास्टर म्हणाले होते, अन्यभाषा आली नाही, म्हणजे प्रार्थनेत तोंडून अनोळखी भाषा निघाली नाही, तर पवित्र आत्मा मिळालाच नाही. गोळ्या घेता म्हणजे विश्वास कमी. प्रश्न विचारता म्हणजे गर्व. तुम्ही हॉलमधून बाहेर पडलात, पण ही तीन वाक्यं तुमच्याबरोबर बाहेर आली.

चला, जरा मागे जाऊन येऊ. या शिकवणीच्या उगमाजवळची एक जागा मराठी बोलणारी आहे. पुणे जिल्ह्यातलं केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन, साल 1905. खरं तर तुमच्या भागातून, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून, तिकडे जायचं म्हणजे आधी बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. तेवढं वगळू. मोबाइल खिशातच राहू द्या, त्याला रेंज मिळायला नव्वद-एक वर्षं आहेत. पुरुष असाल तर डोक्यावरून पदर घ्या. घर बायकांचं आहे.

सांभाळून! पायाखाली हात आहे कुणाचा तरी. लांबलचक दालन, जमिनीवर ओळीनं झोपलेल्या मुली. जून संपत आलाय, हवा कोंदलेली. डोक्याला लावलेलं तेल, घामाची लुगडी, रॉकेलच्या दिव्याची काजळी, सगळ्याचा मिळून एक वास. पहाटेचे साडेतीन. कुणी झोपेत कण्हतंय. यातल्या कितीतरी मुली दुष्काळातून आलेल्या आहेत, आधी मध्य प्रांतातून, मग 1900 च्या सुमारास गुजरातेतून. काहींनी आईबाप डोळ्यांदेखत मरताना पाहिलेत. आवारात सगळे मिळून दीड-दोन हजार जीव आहेत, आणि सकाळी भाकरी मिळणार हे माहीत असणं हीच त्यांच्यासाठी मोठी गोष्ट.

आणि एकदम किंकाळी. एक मुलगी उठून बसलीय, अंग जळतंय म्हणून ओरडतेय. दालनावर देखरेख करणारी बाई धडपडत उठते. तिला मुलीच्या अंगावर ज्वाळा दिसतात. ती पळत सुटते, बादलीभर पाणी घेऊन परत येते, ओतणार इतक्यात तिच्या लक्षात येतं, पोरीचं काहीच जळत नाहीये.

तुम्हाला दिसल्या का ज्वाळा? मला विचारू नका. ही हकिगत लिहिली मिनी एब्राम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी, आणि त्यांचा या आगीवर पुरा विश्वास होता. बादलीबद्दल मात्र मला शंका नाही. आग दिसल्यावर गुडघे टेकण्याआधी पाणी आणायला धावणारी ती बाई मला या सगळ्या प्रकरणात सर्वात आवडते.

दुसऱ्या दिवशी सभेला बसा. मांडी घालायला जागा नाही, शेजारणीचा गुडघा तुमच्या गुडघ्यावर. पुढे उभ्या आहेत त्या रमाबाई. पांढरं लुगडं, कापलेले केस, कानांनी बऱ्याच अधू. योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय त्या नेहमीच्या शांत आवाजात समजावून सांगतायत. मग मागून कुणी प्रार्थना सुरू करतं, दुसरी, दहावी, पन्नासावी. बघता बघता सगळ्या मुली एकाच वेळी मोठमोठ्यानं प्रार्थना करू लागतात आणि बाईंना बोलणं थांबवावं लागतं. आवाज कानात मावत नाही, छातीत दणदणतो. कुणी रडतेय, कुणी टाळ्या पिटतेय. कुणी चोरी कबूल करतेय, कुणी खोटं बोलल्याचं सांगतेय. शेजारची पोर थरथरतेय आणि तिचा घाम तुमच्या दंडाला लागतोय.

आणि तुम्ही? तुम्हाला पायाला मुंग्या आल्यात. तहान लागलीय. डोळे मिटून वाट पाहताय आणि काहीच होत नाही. ओळखीची वाटतेय ना ही अवस्था? आपल्यातच काही खोट असेल का, हा विचार तुम्हीही असाच डोळे मिटून केला होता. एक डोळा किलकिला करून बघा. इतक्या मुलींमध्ये गप्प बसलेली एकही नसेल, हे मला तरी पटत नाही. तिच्याबद्दल कुणी लिहिलं नाही, इतकंच. अहवाल लिहिणाऱ्यांचं लक्ष ओरडणाऱ्यांकडे होतं.

या गोंगाटाला पुढे गोऱ्या पाहुण्यांनी नाकं मुरडली, तेव्हा रमाबाईंनी ठणकावून सांगितलं की इथल्या माणसांना आपल्या रीतीनं रडू द्या, हसू द्या. तुमच्या देवळातली शिस्त त्यांच्यावर लादू नका. हे मला शंभर टक्के मान्य. पण एक गोष्ट खुपतेच. जिचं अन्न, वस्त्र, झोपायची जागा सगळं याच छपराखाली आहे, अशा सोळा वर्षांच्या पोरीला सगळ्यांसमोर पापं कबूल करायची नसतील, तर ती तसं म्हणू शकेल? बाईंचा हेतू साफ होता. तरी हेतू साफ असल्यानं दडपण नाहीसं होत नाही, हे तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

उजाडल्यावर आवारात फिरा. इथे मन हलकं होतं. छापखान्यात शाईचा उग्र वास, मुली खिळे जुळवतायत. मागांचा खडखडाट. तेलाच्या घाण्याचा खमंग वास. गोठा. आणि तिकडे सावलीत बघा, आंधळ्या मुली उठावाच्या ठिपक्यांवरून बोटं फिरवतायत. ब्रेल. रमाबाईंची लेक मनोरमा ही लिपी शिकून आली आणि तिनं ती इथं आणली. थांबा इथे जरा. बसा त्यांच्याजवळ. काल रात्री आकाश फाटल्यासारखी प्रार्थना झाली, त्यात याही होत्या. सकाळी त्यांना दिसू लागलेलं नाही. म्हणून कुणी त्यांना तुमचा विश्वास कमी पडला असं सुनावून ब्रेलचा वर्ग बंद केला नाही. आंधळ्यांसाठी इथे वेगळं सदन होतं, बार्तीमी सदन, आणि या धार्मिक जागरणानंतरही ते चालूच राहिलं.

अन्यभाषा? ती अजून आलेली नाही. त्यासाठी दीडेक वर्ष पुढे सरका, 1906 च्या अखेरीकडे. तोवर अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या सभांची बातमी जगभर गेलीय. आता सभेत काही मुलींच्या तोंडून न समजणारे शब्द येतायत. दौंडहून आलेले आल्बर्ट नॉर्टन सांगतायत की इंग्रजी न येणारी मुलगी मी इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकली. एब्राम्सबाईंनी त्याच वर्षी पवित्र आत्म्याच्या आणि अग्नीच्या बाप्तिस्म्यावर पुस्तिका लिहिली. पहिल्या आवृत्तीत अन्यभाषा नव्हती, दुसरीत आली. ती पुस्तिका थेट दक्षिण अमेरिकेत चिलीला पोचली आणि तिथे 1909 मध्ये असंच जागरण पेटलं.

आता कान द्या, यासाठीच तुम्हाला एवढ्या लांब आणलं. अन्यभाषा ही अनेक देणग्यांपैकी एक, प्रत्येकाला ती मिळालीच पाहिजे असं नाही, ही केडगावची भूमिका होती. अन्यभाषा हीच आत्मा मिळाल्याची पहिली खूण, हा आग्रह अमेरिकेतला. असेम्ब्लीज ऑफ गॉड या तिथल्या संघटनेनं 1916 मध्ये तो आपल्या मूलतत्त्वांत लिहून टाकला. म्हणजे पास्टरांनी तुम्हाला देवाचा सनातन नियम म्हणून जे सांगितलं, ते एका बैठकीत मंजूर झालेलं कलम आहे. त्याच घराण्यातली माणसं तेव्हाही त्याच्याशी सहमत नव्हती.

दमलात? अजून एक उडी आहे, वीसेक वर्षं मागे. शाल घ्या. इंग्लंडमधलं वाँटेज, जोगिणींचा मठ, थंड फरशी, ओल्या लोकरीचा वास. टेबलाशी बसून लिहितेय ती पंचविशीतली विधवा ब्राह्मण बाई, एक लहान मुलगी पदरात. वैद्यक शिकायला आली होती, कानांनी दगा दिला. 1883 मध्ये इथेच तिनं बाप्तिस्मा घेतला आणि लगेच प्रश्न विचारायला लागली. त्रैक्य हे असंच का मानायचं? चर्च सांगतं म्हणून? मांस खात नाही, यात धर्म कुठे बुडतो? सिस्टर जेराल्डिन तिच्या हितचिंतक. त्या कळवळून लिहितायत की हा गर्व आहे, हट्ट आहे, आज्ञाधारकपणा शिक.

गर्व. ऐकलात ना शब्द? तुमच्या हॉलमध्ये माइकवरून आला होता, इथे सुबक अक्षरात पत्रातून येतोय. बाई ऐकत नाही. देवानं बुद्धी दिलीय ती वापरणार, अशा अर्थाचं ठाम उत्तर पाठवते. तो पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं 1977 मध्ये छापलाय, मिळवून वाचा. पुढे केडगावच्या सभेत ज्यांना मध्येच बोलणं थांबवावं लागलं, त्या रमाबाई याच. येशूला सोडलं नाही, आणि कुठल्या एका पंथाच्या दावणीलाही बांधून घेतलं नाही.

मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनीही 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. मिशन सोडलं म्हणून त्यांचा ख्रिस्त सुटला नाही.

तुम्ही परत गेलात की लगेच बरं वाटेल, असं मी सांगणार नाही. केडगावच्या मुलींनाही एका रात्रीत बरं वाटलं नव्हतं. त्यांना वर्षानुवर्षं पोटभर जेवण, हातात काम आणि शिकण्यासारखं काहीतरी मिळालं, त्यानं त्या उभ्या राहिल्या. पुन्हा एखाद्या मंडळीत जायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा, सावकाश ठरवा. पण कुणाच्या सांगण्यावरून गोळ्या बंद केल्या असतील, तर ते तसंच राहू देऊ नका. उद्याच डॉक्टरांना भेटा. रात्री जीव फार घाबरला तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर फुकट आहे. आणि अन्यभाषा आली का, असं कुणी पुन्हा दटावून विचारलं, तर त्याला पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र उघडायला सांगा, अध्याय बारावा, वचन तिसावं. सगळेच अन्यभाषा बोलतात का, हा प्रश्न पौलानं तिथे स्वतःच विचारलाय, आणि त्याला अपेक्षित उत्तर ‘नाही’ असं आहे.